छतावरचं चांदणं

प्रश्न : अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटगृहांत छतावर चांदण्या लुकलुकायच्या, ढग सरकायचे म्हणे. हे कसं जमवत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ही करामत वास्तुरचनाकार जॉन एबरसन यांची. ह्यूस्टनचं ‘मॅजेस्टिक’ (१९२३) त्यांनी उघड्या चौकासारखं सजवलं. टॅम्पामधलं त्यांचं १९२६चं चित्रपटगृह आजही चालू आहे.

छत म्हणजे वरच्या पोलादी सांगाड्याला टांगलेली जाळी आणि तिच्यावर प्लास्टरचा गुळगुळीत, निळा घुमट. नक्षी अजिबात नाही, कारण एखादी कड दिसली तरी आभाळाचं सोंग उघडं पडतं. दोन्ही बाजूंना वाड्यांचे खोटे दर्शनी भाग. निळे दिवे त्यांच्या कठड्यामागे लपवलेले. चांदण्यांसाठी प्लास्टरला बारीक भोकं पाडून मागे छोटे दिवे बसवत. दिवा गेला की माळ्यावरच्या अरुंद फळ्यांवरून जाऊन तो बदलायचा. ढगांसाठी ‘ब्रेनोग्राफ’ हे यंत्र असे. त्यात प्रखर दिव्यापुढे चित्रांची चकती हळूहळू फिरे आणि ढग घुमटावरून सरकत. चकती जरा जोरात फिरली की आभाळ पळायला लागे!

खर्चाच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचं होतं. झुंबरं आणि सोनेरी नक्षीच्या घुमटापेक्षा हे स्वस्त पडे.

खरा शत्रू गळकं छप्पर. पाणी मुरलं की जाळी आणि टांगणीच्या तारा गंजतात, प्लास्टर जड होऊन सुटतं. खालून नुसता डाग दिसतो, म्हणून तपासणी माळ्यावरूनच करावी. वरून रंगाचा हात मारणं म्हणजे दुखणं झाकणं.