बर्फाळ रस्त्यावर अवजड ट्रक: नव्या चालकाला सल्ला

गाडी रिकामी असेल तेव्हा जास्त जपून चालव. नवे चालक नेमकं उलटं समजतात. भरलेल्या गाडीचं वजन मागच्या चाकांवर बसतं, म्हणून चढाला त्यांना पकड मिळते. रिकामा ट्रेलर मात्र ब्रेक जरा जोरात लागला तरी मागून आडवा येतो.

निसरड्यावर एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग कमी करणाऱ्या यंत्रणा, बंद ठेव, हे पुन्हा पुन्हा सांगेन. त्यांचा जोर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर पडतो. ती चाकं घसरली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि गाडी मध्येच दुमडते. उतार लागण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाक.

सगळ्यात फसवं तापमान शून्याच्या आसपासचं. कडक थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा वितळायला लागलेला बर्फ जास्त घसरतो. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडेनासे झालेत, तर समज की पाणी गोठलंय. आरशाच्या दांडीवरही लक्ष ठेव. तिच्या पुढच्या कडेवर बर्फाचा थर धरू लागला की वेग उतरव. पूल रस्त्याआधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो.

चाकं गरगरत असताना डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा) कधीच लावू नको, आधी थांब. पकडीसाठी चाकांवर घालायच्या साखळ्या चढाच्या अलीकडे, सपाट जागी चढव आणि थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताण. अर्ध्या चढात अडकल्यावर ते काम जिवावरचं असतं.