सहा महिन्यांची औषधे अमेरिकेला नेताना डॉक्टरांच्या पत्रात काय हवे

आई-वडील सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे न्यू जर्सीला येणार आहेत. त्यांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून आठवड्याच्या डब्यांत भरल्या तर चालतील का, आणि रुग्णालयाने दिलेले ‘प्रवासास हरकत नाही’ हे प्रमाणपत्र पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. तुमचा दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला सर्वांत जास्त मनस्ताप नेमक्या याच कागदाने दिला.

डब्यांचा प्रश्न सोपा आहे. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्याव्यात, रिकामे डबे सोबत ठेवावेत आणि तिथे पोहोचल्यावर ते भरावेत. औषधांच्या दुकानात स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या देतात, तेव्हा घटकाचे नाव किंवा मुदत छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो. म्हणून अखंड स्ट्रिप मागाव्यात आणि पक्के बिल घ्यावे.

आता पत्राविषयी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची प्रवाशांसाठीची सूचना अशी आहे की स्वतःच्या वापरासाठी साधारणपणे 90 दिवसांपुरतीच औषधे आणावीत; मुक्काम त्याहून मोठा असेल, तर उरलेली औषधे नंतर कुरिअरने मागवता येतात, मात्र त्यासोबत व्हिसाची व पासपोर्टची प्रत, इंग्रजीतील प्रिस्क्रिप्शन आणि औषधे रुग्णाच्या स्वतःच्या उपचारासाठीच आहेत असे सांगणारे डॉक्टरांचे पत्र असावे लागते. सहा महिन्यांचा साठा सोबत घेऊन कोणत्याही चौकशीविना बाहेर पडलेले अनेक जण तुम्हाला भेटतील, परंतु त्यांच्या अनुभवाच्या भरवशावर मी कोणालाही सल्ला देणार नाही. आम्ही नियमाप्रमाणे तीन महिन्यांचीच औषधे नेली आणि पुढची कुरिअरने मागवायचे ठरवले.

सासऱ्यांवर उपचार करणारे डॉक्टर सविस्तर पत्र द्यायला तयार होते, परंतु त्या रुग्णालयात कोणतेही पत्र कार्यालयाच्या खिडकीतूनच मिळत असे आणि तिथला नमुना ठरलेला होता. रुग्ण आमच्याकडे उपचार घेत असून प्रवास करण्यास योग्य आहे, एवढ्या दोन ओळींखाली शिक्का. औषधांची नावे घालावीत अशी विनंती आम्ही केली, लेखी अर्जही दिला. उत्तर एकच, की नमुन्यात बदल होत नाही. तीन महिन्यांनी दीर पुण्यातून औषधे पाठवायला गेले, तेव्हा कुरिअरवाल्यांनी हेच पत्र अपुरे म्हणून परत केले आणि हस्ताक्षरातील केवळ ब्रँडनावे असलेले प्रिस्क्रिप्शनही नाकारले. दीर पुन्हा त्या खिडकीशी गेले, तर नव्या पत्रासाठी रुग्णाने समक्ष हजर राहावे असे त्यांना सांगण्यात आले. रुग्ण अमेरिकेत आहे, म्हणूनच पत्र हवे आहे, हे ऐकून घेण्याचीही तिथे कोणाची तयारी नव्हती. डॉक्टरांनी औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्येच आचारसंहितेत केली होती. ती त्या इमारतीत कुठेच पाळलेली दिसली नाही, याचा संताप मला आजही होतो, कारण त्याची झळ एका वृद्ध माणसाला बसली.

औषधे संपत आली आणि खरी अडचण उभी राहिली. सासऱ्यांना मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिन आणि रक्तदाबासाठी सिल्निडिपिन चालू होते. आपल्याकडे ही दोन्ही औषधे गल्लीतल्या दुकानात मिळतात, अमेरिकेत मात्र त्यांना मान्यताच नाही. ग्लिक्लाझाइड आणि रक्त पातळ ठेवणारे अ‍ॅसिनोकूमॅरॉल हीसुद्धा तिथल्या दुकानांत मिळत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी सासऱ्यांची ती दोन्ही औषधे बदलून दिली, नव्या गोळ्या अंगवळणी पडेपर्यंत साखर वरखाली होत राहिली, आणि जुन्या आजाराशी संबंधित म्हणून विम्याने खर्च नाकारला. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, थायरॉक्सिन ही औषधे तिथे सहज उपलब्ध आहेत, परंतु त्यांनाही प्रिस्क्रिप्शन लागते. म्हणून आई-वडिलांच्या यादीतील कोणते औषध तिथे मिळतच नाही, हे आताच डॉक्टरांना विचारून त्याला पर्याय लिहून घ्या.

माझ्या मते पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत आणि टंकलिखित असावे. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव, आजार, प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती गोळ्या, आणि खाली डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असावा. मूळ नावातही फरक आढळतो: आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन असते, दम्याचे साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. रुग्णालय अडून बसले, तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून पत्र घ्या. ते तितकेच उपयोगी पडते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे मुद्दे त्यांना विचारूनच अमलात आणावेत. जीवनसत्त्वांकडे लोक फार सैलपणे पाहतात. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा देतात, आणि मुलाच्या घरी 1,000 किंवा 2,000 युनिटची रोजची बाटली असते. दोन्ही एकाच वेळी चालू राहता कामा नयेत, आणि आठवड्याची कॅप्सूल चुकूनही रोजच्या कप्प्यात जाऊ नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर लागते. वेळापत्रक उलटेपालटे झाले की हेच आधी विसरले जाते. भस्मयुक्त आयुर्वेदिक औषधे मी नेऊ देणार नाही, कारण अशा काही औषधांत शिसे आणि पारा आढळल्याचे इशारे तिथल्या प्रशासनाने दिले आहेत. इन्सुलिन असेल तर ते केबिन बॅगेतच ठेवा. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. वाटेत दुबईला काही दिवस थांबणार असाल, तर ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी काही यादीत आहे का ते पाहा. त्यांसाठी तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते.

पत्राच्या दोन मूळ प्रती घ्या. एक आई-वडिलांच्या हातात राहू द्या आणि दुसरी भारतातून औषधे पाठवणाऱ्या माणसाकडे ठेवा. त्या माणसाच्या नावाने, आपल्या अनुपस्थितीत रुग्णालयातून कागदपत्रे घेण्याचा अधिकार देणारे, आई आणि वडील दोघांच्याही सहीचे एकेक पत्र निघण्यापूर्वीच करून त्याची पोच त्या कार्यालयाकडून घ्या.