सीपीएलनंतर नोकरी नसेल तर रेझ्युमेत मधली वर्षं कशी दाखवावीत?

तुम्ही लिहिलंय की सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, होऊन दोन वर्षं झाली, उड्डाणाचे तास दोनशेच्या थोडे वर आहेत, एअरलाइनसाठी रेझ्युमे कसा करावा आणि रिकामी दोन वर्षं त्यात कशी झाकावीत. झाकायची नाहीत. बाकीचं पुढे सांगतो, पण हे आधी.

माझं लायसन्स आलं 2012 मध्ये. त्याच ऑक्टोबरात किंगफिशर एअरलाइन बंद पडली. एअरबसवर हजारो तास केलेले कॅप्टन काम शोधत फिरत होते, तिथे आमच्यासारख्या दोनशे तासवाल्यांना कोण विचारतो! मी गावी आलो आणि वडिलांच्या खत-बियाणांच्या दुकानात बसलो. शेतावर कर्जाचा बोजा चढलेला. मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) दरवर्षी जिवंत ठेवायचं, त्याचा खर्च दुकानाच्या गल्ल्यातून. मार्केट उघडायला काही वर्षं गेली.

माझे काका पुण्यात एका कंपनीत एचआरला होते. त्यांनी मोठ्या मायेने माझा रेझ्युमे तयार करून आणला. तीन पानं. सुरुवातीला करिअर ऑब्जेक्टिव्ह, मग टीम प्लेअर, डायनॅमिक वगैरे. तास 'अडीचशेहून अधिक'. दुकानाचं नाव कुठेच नाही, त्या जागी 'फ्रीलान्स एव्हिएशन कन्सल्टंट'. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "अरे, एवढं कोण बघतंय? सगळे असंच लिहितात." वडिलांनीही तो कागद वाचला आणि काही न बोलता परत ठेवला. मी तो कुठेही पाठवला नाही. त्यावरून घरात बरंच वाजलं.

कोण बघतंय म्हणे! आमच्या धंद्यात सगळे बघतात. 2011 मध्ये गोव्याला एक विमान पुढच्या चाकावर उतरलं, त्याची चौकशी निघाली आणि त्यातून बनावट मार्कशीटवर एटीपीएल (एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) मिळवलेले वैमानिक सापडले. मग फ्लाइंग स्कूलच्या वह्याही तपासल्या गेल्या. पेनाने भरलेले तास ओळखायला फार हुशारी लागत नाही. सूर्यास्ताच्या आधी नाइट फ्लाइंग, ऐन जुलैत दिवसाला सहा-सहा तास, विमान हँगरमध्ये मेंटेनन्सला असताना त्याच नंबरवर सॉर्टी, म्हणजे उड्डाण. वैमानिकाचं लॉगबुक आणि विमानाचं टेक लॉग (त्याच्या उड्डाणांची-दुरुस्तीची वही) शेजारी ठेवलं की संपलं.

माझ्या इंटरव्ह्यूला पॅनलवर एक कॅप्टन मॅडम होत्या. त्यांनी रेझ्युमे बाजूला ठेवून लॉगबुक उघडलं आणि थेट पावसाळ्याच्या पानांवर गेल्या. धुळे-औरंगाबाद क्रॉस कंट्रीची, म्हणजे एका विमानतळाहून दुसरीकडे जायच्या उड्डाणाची, एक नोंद होती, जेमतेम चाळीस मिनिटांची, रिमार्कमध्ये 'हवामानामुळे परत'. त्यावर बोट ठेवून विचारलं, परत का फिरलास? मी सांगितलं: समोर डोंगराच्या रांगेवर ढग बसले होते, खालून जायला जागा नव्हती, माझ्याकडे तेव्हा इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. किती उंचीवर होतास, कुणाला कळवलंस, इंधन किती उरलं होतं, सगळं विचारलं. मग रेझ्युमेवरच्या एका ओळीकडे वळल्या: 'वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात काम: साठा नोंदवही, बॅच नंबर, कीटकनाशकांच्या मुदती.' मुदत संपलेला माल वेगळा कसा काढता, परवान्याची तपासणी झाली तर काय दाखवता, असं बराच वेळ चाललं. माझ्या एकाही उत्तराला अडखळावं लागलं नाही, कारण ते काम मी खरंच केलं होतं. 'कन्सल्टंट' लिहिलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला काय सांगणार होतो?

आता तुमचा रेझ्युमे. एक पान. वर नाव, फोन, साधा फोटो. लगेच खाली तासांचा तक्ता: एकूण, पीआयसी (विमान स्वतःच्या जबाबदारीवर), ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत), क्रॉस कंट्री, नाइट, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन, आणि विमानाच्या प्रकारानुसार वेगळे. सिम्युलेटरचे तास खऱ्या तासांत मिसळू नका. आकडे लॉगबुकात आणि ई-जीसीएवर (डीजीसीए या विमान नियामकाचं पोर्टल) आहेत तेच, मिनिटांसकट, कोणत्या तारखेपर्यंतचे ते लिहून. 207:35 असेल तर 207:35. मग लायसन्स, आरटीआर (रेडिओ वापरायचा परवाना), इंग्रजीची लेव्हल, क्लास वन मेडिकल आणि शेवटचा आयआर चेक, प्रत्येकाची मुदत लिहून. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी) असेल तर कोणत्या विमानावर, बेस ट्रेनिंग (खऱ्या विमानावरचा टेकऑफ-लँडिंगचा सराव) झालंय की नाही. दहावी-बारावीचे गुण विचारतातच, तेही असू द्या. ऑब्जेक्टिव्ह आणि छंद काढून टाका. मधल्या दोन वर्षांत जे केलं ते एका ओळीत. ट्यूशन घेतल्या असतील तर ट्यूशन, शेती असेल तर शेती. आई-वडिलांच्या कामाची लाज वाटल्यासारखा रेझ्युमे करू नका.

काका अजून घरच्या कार्यात भेटले की म्हणतात, तुझं नशीब जोरावर होतं. नशिबाचा भाग होता, 2015 नंतर विमानं वाढली आणि भरती निघाली. पण ज्या दिवशी भरती निघाली त्या दिवशी माझे सगळे कागद चालू मुदतीत होते आणि एकही ओळ खोटी नव्हती. काका, हे उत्तर वाचत असाल तर हा भाग तुमच्यासाठी.

हेही सांगायला हवं की केवळ रेझ्युमेवर निवड होत नाही. आपल्याकडे फ्रेशरची चाळणी बहुतेक लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक आणि सिम चेकमध्ये (सिम्युलेटरवरच्या चाचणीत) होते; अर्जही कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मवर असतो. त्यात एखाद्या चेकमध्ये नापास झालात का असं विचारलं असेल तर खरं उत्तर भरा, रेझ्युमेत आपणहून लिहायची गरज नाही. आणि रेझ्युमे बनवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. तुमचं आयआर संपत आलं असेल तर ते पैसे आधी तिकडे लावा.