८५ किलो वजन, ३९० ड्यूक आणि पहिला ट्रॅक डे: सस्पेन्शनचं नेमकं काय करून घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमचं वजन ८५ किलो, केटीएमची ३९० ड्यूक बाइक २२ हजार किलोमीटर चाललेली, दर रविवारी महूच्या पुढे जाम गेटचा घाट, आणि हिवाळ्यात कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर पहिला ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली बसतं. इंदूरचा तुमचा मिस्त्री म्हणतो, फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या दोन सस्पेन्शन नळ्यांत) २०डब्ल्यू, म्हणजे जाड, ऑइल टाकून देतो. टाकू द्यावं का?

नका टाकू देऊ. वजन स्प्रिंग पेलते, ऑइल नाही. ऑइल फक्त फोर्क किती वेगाने हलेल ते ठरवतं. जाड ऑइलने नाक जरा उशिरा खाली जाईल, पण ब्रेक धरून ठेवलात तर तिथेच जाऊन बसेल. वर एक नवीन दुखणं मागे लागतं: एका खड्ड्यावर दबलेला फोर्क पुढचा खड्डा येईपर्यंत वर येत नाही, प्रत्येक दणक्याला आणखी खाली जातो आणि टायर रस्त्यावर नाचायला लागतो. हे नेमकं वळणाच्या मध्यावर घडतं.

म्हणून आधी सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. तीन माणसं लागतात, खर्च शून्य. पुढचं चाक हवेत उचलून फोर्कच्या चकचकीत नळीची लांबी मोजा. मग जॅकेट, बूट, हेल्मेट घालून गाडीवर बसा. हा सगळा सरंजाम सहज आठ-दहा किलो भरतो, तो धरायलाच हवा. एकाने गाडी उभी धरायची, दुसऱ्याने फोर्क दाबून सावकाश वर येऊ द्यायचा आणि मोजायचं, मग उचलून सावकाश खाली येऊ द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्हींची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग मिळाला. ट्रॅकसाठी पुढे ३५ मिमीच्या आसपास हवा, रस्त्यावर ४५ पर्यंत चालतो. वर येतानाच्या आणि खाली येतानाच्या मापांत १० मिमीहून जास्त फरक आला तर फोर्क आत कुठेतरी अडकतोय. मागे तुम्ही बसल्यावर ३० मिमी आणि नुसत्या गाडीचा ५ ते १० मिमी सॅग धरा. तुम्ही बसल्यावरचा आकडा जमवायला प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) इतका आवळावा लागला की नुसती गाडी खाली बसतच नाही, तर मागची स्प्रिंग तुम्हाला मऊ आहे. तुमच्या वजनाला माझ्या अंदाजाने पुढचीही बदलावी लागेल.

स्प्रिंग बदलायला फोर्क उघडणारच आहे, तेव्हाच पूर्ण सर्व्हिस करून घ्या. सामान: दोन ऑइल सील, दोन डस्ट सील, बुश (ज्यांवर फोर्कच्या नळ्या एकमेकींत सरकतात ती कडी), तळाच्या बोल्टला तांब्याची वॉशर असेल तर नवी, आणि ऑइलचे एक लिटरचे दोन डबे. एका लेगला (फोर्कच्या एका बाजूला) साधारण अर्धा लिटर लागतं, उरलेलं आतून धुवायला. डब्ल्यूच्या आकड्यावर फार विसंबू नका. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १०डब्ल्यूपेक्षा पातळ निघतं. डब्याच्या माहितीपत्रकात ४० अंशांचा सेंटीस्टोकचा, म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा, आकडा असतो, तो गाडीच्या मूळ ऑइलशी जुळवा.

फोर्क काढण्याआधी त्याला धरणारा वरचा क्लॅम्प सैल करून, खालचा घट्ट असतानाच वरची कॅप ढिली करायला सांगा. नाहीतर पुढे नळी व्हाइसमध्ये आवळली जाते आणि चरे पडतात. जुनं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायला लावा. ते राखाडी असेल आणि ट्रे तिरपा केल्यावर चांदीच्या वर्खासारखी चमक सरकताना दिसली तर बुश झिजलेत, नुसते सील बदलून भागणार नाही. रॉकेलने धुतलंच तर भाग पूर्ण सुकू द्या, उरलेलं रॉकेल नवं ऑइल पातळ करतं. नवा सील चढवताना नळीच्या कडेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि सील त्याच्या ड्रायव्हरनेच बसवायचा, स्क्रूड्रायव्हरने ठोकून नाही.

ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून मोजतात. आधी कार्ट्रिजची (फोर्कच्या आत ऑइलमधून सरकणाऱ्या यंत्रणेची) दांडी १५-२० वेळा वरखाली करून हवा काढायची, दहा मिनिटं थांबायचं. मॅन्युअलमधल्या आकड्याशी दोन्ही लेग एका मिलीमीटरपर्यंत जुळले पाहिजेत. ऑइलच्या वरची हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते, पण मुख्यतः शेवटच्या टप्प्यात. फोर्क तळाला आपटत असेल तर पातळी ५ मिमी वाढवणं हा इलाज आहे.

बसवताना क्लॅम्पला टॉर्क पाना हवाच, जास्त आवळला तर नळी दबून बुश अडकतात. एक्सलचा नट आवळल्यावर, पिंच बोल्ट (एक्सल फोर्कच्या टोकाशी आवळून धरणारे) ढिले ठेवून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, मग ते आवळा. सॅगच्या दोन मापांतला तो फरक पुष्कळदा एवढ्यानेच जातो.

मागच्या शॉकरमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. बरेच मूळ शॉकर उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. भोक पाडून व्हॉल्व्ह बसवतो, हवा भरतो असं कोणी म्हणालं तर गाडी परत आणा. हवेतल्या ओलाव्याने दाब बदलत राहतो, आणि दाब न सोडता शॉकर उघडणं जिवावर बेतू शकतं. पैसे मोजके असतील तर आधी पुढच्या स्प्रिंग, नंतर तुमच्या वजनाच्या स्प्रिंगचा, पुन्हा उघडता येणारा शॉकर.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक बघून सेटिंगचा अंदाज बांधू नका. करी जेमतेम २.१ किमीचा आहे, तिथे ब्रेक आणि वळणं यांचंच राज्य. जाण्याआधी फोर्कच्या नळीवर एक केबल टाय घट्ट पण सरकेल असा बांधा. सेशननंतर तो तळापासून १०-१५ मिमी अलीकडे थांबलेला असेल तर जमलं. ३० मिमी उरले तर सेटिंग कडक आहे. हा तळ नेमका कुठे, ते सर्व्हिसच्या वेळी स्प्रिंग बाहेर असतानाच मोजून ठेवा, नंतर कळत नाही.

गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सीलखाली बोट फिरवा. पुन्हा पुन्हा तेलाचं कडं उमटत असेल तर परत न्या, आणि थेंब ब्रेक पॅडवर गेला असेल तर पॅड नवेच टाका.