बोंडअळीचे फोटो तपासायला क्लाउडवर सर्व्हर चोवीस तास चालू ठेवावा लागतो का?

नाही, यवतमाळकडच्या तुमच्या शेतकरी कंपनीचे फोटो संध्याकाळीच येतात, तर ते अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या क्लाउड साठवणीत टाका, प्रत्येक फोटोमागे एसक्यूएस या त्यांच्याच संदेश-सेवेच्या रांगेत एक संदेश ठेवा आणि रात्री स्पॉट मशीन, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा रिकामा पडलेला, सवलतीत मिळणारा सर्व्हर लावून रांग उपसा. अ‍ॅमेझॉनच्याच माहितीनुसार स्पॉट 90 टक्क्यांपर्यंत स्वस्त पडतं, पण 2 मिनिटांची सूचना देऊन ते काढून घेतलं जाऊ शकतं. रांग हवी ती यासाठीच. निकाल लिहून झाल्यावरच संदेश पुसायचा. मशीन मध्येच गेलं तर व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला संदेश रांगेत लपून राहण्याचा वेळ, संपताच तो पुन्हा दिसतो. हा टाइमआउट ठरवून दिला नाही तर 30 सेकंदांचा असतो, तो एका फोटोला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा ठेवा. तरी साध्या (स्टँडर्ड) रांगेत एखादा संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून निकाल फोटोच्या नावानेच साठवा, म्हणजे दुसरा निकाल पहिल्याच्याच जागी बसेल. जुने फोटो गावनिहाय एकत्र बांधून ग्लेशियर डीप आर्काइव्ह या एसथ्रीच्या स्वस्त, दीर्घकाळाच्या साठवणीत हलवा. सुटे टाकले तर प्रत्येक फाइलमागे सुमारे 40 केबीचा जादा भार बसतो. मात्र तिथून फोटो परत मिळायला 12 तास लागू शकतात, स्वस्त पर्यायात 48, आणि किमान 180 दिवसांचं भाडं लागतंच. त्यामुळे पीकविम्याचा दावा निकाली निघेपर्यंत त्या शेताचे फोटो अजिबात हलवू नका.