गृहभेटीला जाणाऱ्यांचे प्रश्न

बालगृहातून घरी परतलेलं मूल, एकट्या आईकडे वाढणारं मूल, आजीच्या आधाराने राहणारं मूल. अशा घरांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातले क्षेत्रकार्यकर्ते आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते नेमाने जातात आणि पालकांना सोबत करतात. त्यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न: नुकतीच रुजू झाले आहे. पहिल्या भेटीत आई ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोललीच नाही. दारात शेजारणी जमल्या होत्या. कुठे चुकलं?

शेजारणी जमल्या असतील तर ती काय बोलणार? ‘हिच्या पोराला सरकारने नेलं होतं’ ही चर्चा गल्लीत आधीच झालेली असते. सरकारी पाटीची गाडी असेल तर ती लांब उभी करा. फाईल पिशवीतच राहू द्या. मुलाची ओळख उघड होऊ न देणं हे बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार आपल्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे कोणी विचारलंच तर केसबद्दल अवाक्षरही काढायचं नाही. जाण्याची वेळ तिला विचारून ठरवा. मजुरीवरून येऊन चूल पेटवण्याच्या घाईत असलेल्या बाईशी निवांत बोलणं होत नाही.

विचारण्याची पद्धतही बदलून बघा. ‘मुलाकडे लक्ष देता ना?’ याला ‘हो’ हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी म्हणा, ‘काल सकाळी उठल्यापासून दिवस कसा गेला ते सांगा.’ मग पाणी कधी आलं, मूल शाळेत काय खाऊन गेलं, दुपारी ते कोणाकडे होतं, नवरा किती वाजता आला, हे सगळं ओघात येतं. त्यातच एखादी गोष्ट ती नीट करत असते. ती नेमकी शोधून तिला सांगा, कारण या बाईला आजवर भेटलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने तिची चूकच दाखवलेली असते. डबे उघडून बघू नका. निघण्यापूर्वी पुढच्या भेटीपर्यंत जमेल अशी एकच लहान गोष्ट दोघींनी मिळून ठरवा. पाच ठरवल्या तर एकही होणार नाही.

प्रश्न: माझं लग्न झालेलं नाही. ‘तुला लेकरू नाही, तू आम्हाला काय शिकवणार?’ असं एक आजी सरळ म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका आणि वादही घालू नका. ‘आजी, तुम्ही चार लेकरं वाढवलीत. हा रात्री दचकून उठतो तेव्हा तुम्ही काय करता?’ असं विचारा आणि मनापासून ऐका. तुमच्याकडे जे आहे ते वेगळं आहे: अशी अनेक घरं तुम्ही पाहता, योजना आणि कायदा तुम्हाला माहीत आहे. संस्थेत राहून आलेलं मूल अन्न लपवतं, अंथरूण ओलं करतं किंवा आईला चिकटून राहतं, ते का, हे तुम्ही समजावून सांगू शकता. आजींना तेवढं पुरतं.

प्रश्न: एका आईने मला विश्वासात घेऊन सांगितलं की नवरा मुलाला पट्ट्याने मारतो. ‘ताई, वर कळवू नका’ म्हणाली. कळवलं तर तिचा विश्वास जाईल, नाही कळवलं तर मुलाचं काय?

कळवा, आणि तिच्यापासून लपवून नको, तिला सांगून कळवा.

या कामातली सर्वांत अवघड जागा हीच आहे. आपण पालकांच्या बाजूने उभे असतो, पण त्यांचे वकील नसतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, काही बिघडण्याआधी, स्पष्ट सांगायला हवं: ‘तुमच्या घरच्या पुष्कळ गोष्टी माझ्याजवळच राहतील. पण मुलाला इजा होत असेल तर मला ते सांगावंच लागतं, आणि सांगण्याआधी मी तुमच्याशी बोलेन.’ हे ऐकून काही पालक सुरुवातीला हात राखून बोलतात. तरीही गोड बोलून माहिती काढायची आणि मूल घरी राहावं की संस्थेत हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे एकदम अहवाल ठेवायचा, याइतकं विश्वास मोडणारं दुसरं काही नाही.

मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण करणं, छळणं किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करून त्याला यातना देणं, हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. वळ, भाजल्याच्या खुणा, वडिलांची चाहूल लागताच मुलाचं गप्प होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी वरिष्ठांशी बोला. मुलाला तातडीचा धोका वाटला तर १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) आहेतच. आईलाही मार बसत असेल तर महिला संरक्षण अधिकाऱ्यांशी तिची गाठ घालून द्या. बहुतेक वेळा तिलाही तो बसत असतो, आणि ‘वर कळवू नका’ या विनंतीमागे तीच भीती असते.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर विचार करायला जागाच नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलाची उलटतपासणी करू नका. ते जेवढं बोललं तेवढंच त्याच्या शब्दांत लिहून घ्या.

प्रश्न: अहवाल लिहिताना किती मोकळेपणाने लिहावं?

दिसलं ते लिहा, ऐकलं ते कोणी सांगितलं हे नोंदवून लिहा आणि तुमचं मत वेगळ्या परिच्छेदात ठेवा. ‘आई बेजबाबदार आहे’ या वाक्याने समितीला काहीच कळत नाही, पण त्यावर एक मूल पुन्हा बालगृहात जाऊ शकतं. ‘दुपारी दोन वाजता मूल घरी एकटं होतं. आई धुण्याभांड्याच्या कामावर होती. शेजारच्या काकू लक्ष ठेवतात असं मुलाने सांगितलं,’ हे लिहिलं तर तिथे पाळणाघराची किंवा अंगणवाडीची गरज आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. पत्र्याचं घर, एकच खोली, एकच ड्रेस हे गरिबीचं वर्णन आहे. त्याला दुर्लक्ष म्हणू नका. संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, हे तत्त्व कायद्यातच आहे, आणि ते पाळलं जाणं पुष्कळदा आपल्या दोन पानांवर अवलंबून असतं. मी तर सांगेन, अहवालातला पालकांबद्दलचा भाग त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न: आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर घरंच बंद होतात. पालक ऊसतोडीला जातात. पाठपुरावा कसा करायचा?

मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली की कुटुंबाचं जाणं ठरलेलं असतं, त्यामुळे दसऱ्याच्या आधीच भेट घ्या. मुकादमाचा फोन नंबर, कारखाना, तालुका लिहून घ्या. मूल मागे राहू शकतं का, आजी-आजोबांची तब्येत कशी आहे, शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे पालकांसोबत बसून बघा. मूल बरोबर जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठीचं) मिळवून द्या आणि ज्या जिल्ह्यात ते जाईल तिथल्या बाल संरक्षण कक्षाला समितीमार्फत कळवा.

वयात आलेल्या मुलीच्या घरी थोडं जास्त थांबा. तिला कोणाच्या भरवशावर सोडायचं आणि कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) नेलं तर सांभाळायचं कसं, ही आईबापांची चिंता खरी आहे. हंगामाच्या तोंडावर उरकलेली लग्नं याच चिंतेतून होतात. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे सांगाच. गावपातळीवर ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात हेही सांगा. पण त्याच बैठकीत मुलीच्या राहण्याची सोय झाली नाही, तर नुसत्या कायद्याने ते लग्न फार तर पुढे ढकललं जाईल.

प्रश्न: एका आजींना फक्त बालसंगोपनच्या पैशांबद्दल बोलायचं असतं. नातवाच्या वागण्याचा विषय काढला की उठून जातात.

मग आधी पैशांचंच काम करा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतले महिन्याचे २,२५० रुपये त्या घरात किराणा आणि औषध आहेत. आईवडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि बँक पासबुक यातलं काय अडलंय ते बघा, तहसीलला त्यांच्याबरोबर जा. रांगेत उभं असताना त्या नातवाबद्दल आपणहून बोलतील.

प्रश्न: वडील दारू पिऊन असले की अंगावर धावून येतात. त्या घरी जाणं बंद करावं का?

बंद करू नका, वेळ बदला. कार्यालयात सांगून जा, पहिल्या काही वेळा सहकाऱ्याला सोबत घ्या, दाराजवळ बसा, ते प्यायलेले दिसले तर वाद न घालता निघा. मूल धोक्यात दिसलं तर मात्र निघण्याआधीच मदत बोलवा.

आणि सकाळी, शुद्धीत असताना, त्यांना आवर्जून भेटा. आपल्या साऱ्या गृहभेटी आईशीच होतात, बाप नुसता अहवालात येतो. मुलाला घरी आणायला समितीपुढे तेही उभे राहिले होते ना? तेव्हा त्यांना काय वाटत होतं ते विचारा. व्यसनमुक्ती केंद्राचा विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत काढा. त्यांनी नकार दिला तर तोही त्यांच्याच शब्दांत नोंदवा, आणि पुढची तारीख त्यांना विचारूनच ठरवा.