बोर्ड गेला म्हणतात तेव्हा आधी रबर बघा

तुमचा प्रश्न असा: ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. आता मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या मुक्या आहेत आणि दोन नुसतं बोट लागलं तरी किंचाळतात. दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट, बदला. घरी काही जमेल का?

जमेल. बोर्ड गेला असेल असं मला वाटत नाही, आणि तसं वाटण्याचं कारण त्या मुक्या पट्ट्यांपेक्षा किंचाळणाऱ्या दोन पट्ट्यांत आहे.

तुमच्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स आहे, म्हणजे जोरात दाबलं तर मोठा आवाज, हळू दाबलं तर लहान. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली एक नाही, दोन कॉन्टॅक्ट असतात. पट्टी दाबली की एक किंचित आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी तितकं तुम्ही जोरात वाजवलं, असा हिशोब आतली चिप करते. आता पहिल्या कॉन्टॅक्टवर मळ बसला तर तो उशिरा लागतो, जवळजवळ दुसऱ्याच्या बरोबरीनेच. चिपला वाटतं तुम्ही पट्टीवर बुक्की मारली, म्हणून सूर किंचाळतो. मळ आणखी वाढला की तो लागतच नाही आणि बहुतेक कीबोर्डांत पट्टी मुकी होते. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड नाहीत. दुखणं एकच, एवढंच की दोन पट्ट्यांत ते सुरुवातीला आहे आणि तिघींत पुढे गेलंय.

तरीही स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं काढा. डेमो गाणं लावा. ते नीट वाजलं तर स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहेत. ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर आहे ना, तेही बघा. हसू नका, आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका एकदा बेसूर झालेला कीबोर्ड घेऊन आले होते. काळी एक दाबली की पांढरी दोन वाजायची. ट्रान्सपोज अधिक एकवर होता, दुसरं काही नाही.

मग बंद पट्ट्या कागदावर मांडा. ६१ पट्ट्यांना ६१ वेगळ्या तारा नसतात, आडव्या-उभ्या ओळींचं जाळं असतं. सलग सहा-आठ पट्ट्यांचा गट मेला, किंवा ठरावीक अंतराने एकेक पट्टी मेली, तर जाळ्यातली एक ओळ तुटलीय असं समजा. तेव्हा चपटी रिबन केबल, तिचा कनेक्टर आणि बोर्डावरची बारीक चीर तपासायची. (माळ्यावरच्या कीबोर्डाची केबल उंदरांनी कुरतडलेली मी दोनदा पाहिलीय. आत लेंड्या दिसल्या की आधी तिकडे बघा.) पण जिथे हात सगळ्यात जास्त फिरतो तिथल्याच चार-पाच पट्ट्या रुसल्या असतील, तर तो मळ आणि दमटपणा.

उघडताना अ‍ॅडॉप्टर आणि सेल दोन्ही काढा. कीबोर्ड गादीवर पालथा घाला. एका पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर वरचं प्लास्टिक फोडतो. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्वस्त मॉडेलांत पट्ट्या सुट्या नसतात, कंगव्यासारख्या एकत्र ओतलेल्या असतात, तेव्हा एकच ओढून काढायला जाऊ नका. मेनची वायर थेट आत जाणारं मॉडेल असेल तर पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. तिथल्या कॅपेसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सव्वातीनशे व्होल्ट असू शकतात.

पट्ट्यांखाली रबराच्या लांब स्ट्रिप दिसतील, खाली काळ्या कार्बनच्या टिकल्या. इथे माझी आवडती चाचणी. मुक्या पट्ट्यांखालची स्ट्रिप काढून अगदी टोकाच्या, फारशा न वाजणाऱ्या सप्तकातल्या तेवढ्याच लांबीच्या स्ट्रिपशी अदलाबदल करा. बिघाड स्ट्रिपबरोबर सरकला तर रबर दोषी, जागेवरच राहिला तर बोर्डावरचा मळ. मल्टिमीटरही लागत नाही.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात चिकट काहीबाही असतं. कुलपात मारायचा तेलकट स्प्रे तर मुळीच नको. बोर्डावरच्या काळ्या कार्बनवरून इअरबड हलक्या हाताने फिरवा, पॉलिश पेपर लावलात तर कार्बनच निघून जाईल. रबर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि सावलीत रात्रभर वाळवा. टिकल्यांना बोट लावू नका. कार्बन झिजलाच असेल तर पेन्सिलीचं शिसं घासून महिनाभर चालतं. चांदीचा कागद चिकटवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, सुटून भलतीकडे शॉर्ट करतो.

स्ट्रिप परत बसवताना ती सपाट बसली पाहिजे. एखाद्या भोकात खुंटी अर्धवट राहिली की रबर उचललेलं राहतं आणि धुतलेली पट्टी पुन्हा किंचाळते. मग माणूस उगाच बोर्डाला शिव्या देतो.

अ‍ॅडॉप्टरबद्दल एक सांगतो, कारण बोर्ड खरोखर जाताना मी पाहिलाय तो बहुतेक वेळा यानेच. बऱ्याच जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण टोक असतं. यामाहाच्या घरगुती कीबोर्डांना साधारण १२ व्होल्ट आणि मध्ये धन. वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर दोन्हींत घुसतो. माझ्या एका शेजाऱ्याने तो ९ व्होल्टच्या कीबोर्डात घुसवला. नशिबाने संरक्षणाचा डायोडच (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग) गेला, बाकी वाचलं. कीबोर्डाच्या मागची खूण वाचा, पिन बसते म्हणून लावू नका.

सगळे स्क्रू मारायच्या आधी कीबोर्ड चालू करून प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, अशी दोनदा वाजवा. तरी एखादी मुकीच राहिली तर तिच्या डायोडवर मल्टिमीटर लावा. डायोड मोडवर एका बाजूने ०.५ ते ०.७ च्या आसपास दाखवेल आणि उलट्या बाजूने काहीच नाही. तसं नसेल तर मॉडेल नंबर आणि कुठली काळी, कुठली पांढरी बंद आहे ते इथे लिहा, पुढचं बघू.